शरीरबाह्य फलन : मुंबईतील संशोधन
स्त्रीबीज शरीराबाहेर काढून काचेच्या बशीत शुक्राणूंशी त्याचा संयोग घडवायचा, पेशीविभाजन सुरू झाले की तो भ्रूण गर्भाशयात सोडायचा, अशी ही पद्धत. मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी या पद्धतीने टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. तीच देशातील पहिली मानली गेली. त्याआधी कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा अशाच बाळाच्या जन्माचा १९७८ मधील दावा सरकारी समितीने फेटाळला होता. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या नोंदी अभ्यासून आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांना दिला. विज्ञानात असा मोठेपणा दुर्मीळच.