सुकतळी

आमच्या लहानपणी दिवाळीला नवे जोडे मिळत, पण ते पायाच्या मापाचे कधीच नसत. "वाढता पाय आहे, दोन वर्षे तरी जायला हवेत," असे म्हणून वडील हटकून दोन नंबर मोठा जोड मागून घेत. मग नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की आई त्या जोड्यांच्या पुढच्या टोकांत कापूस ठासून भरी आणि आम्ही पाय फरफटवीत देवळात जाऊन येत असू. चार दिवसांत कापूस दबून जाई. मग ते जोडे चौकातल्या जोडे शिवणाऱ्या तात्यांकडे जात. तात्या आमचा पाय कातड्याच्या एका पातळ तुकड्यावर ठेवून भोवती रेघ ओढीत, तेवढा आकार कापीत आणि जोड्यात सरकवून देत. तिला ते सुकतळी म्हणत. हल्ली हा शब्द कानी पडत नाही. दुकानात 'इनसोल' मागावा लागतो.

इतिहासात राजांच्या मोजड्यांना जागा मिळते, सुकतळीला कोण विचारतो? पण ती मोजडीहून जुनी असावी असे मला वाटते. २००८ साली आर्मेनियातील अरेनी गावाजवळच्या एका गुहेत संशोधकांना एक जोडा सापडला. गाईच्या एकाच कातड्याचा, वादीने आवळलेला, लांबी साडेचोवीस सेंटिमीटर आणि वय सुमारे साडेपाच हजार वर्षे! त्याच्या आत गवत भरलेले होते. ते पायाला ऊब मिळावी म्हणून की जोड्याचा आकार टिकावा म्हणून, याचा निर्णय संशोधकांनी दिलेला नाही. मला मात्र ते वाचताना आईचा कापूस आठवला. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात जो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा मनुष्य सापडला, त्याच्या जोड्यातही झाडाच्या सालीच्या दोरीची जाळी विणून तिच्यात वाळले गवत कोंबलेले होते. उत्तर युरोपातल्या सामी लोकांनी तर हे शास्त्रच बनविले. दलदलीत उगवणारे एक गवत कापायचे, वाळवायचे, बडवून मऊ करायचे आणि रेनडिअरच्या कातड्याच्या जोड्यात भरायचे. कॅप्टन स्कॉटच्या १९१० सालच्या मोहिमेतील माणसे हेच गवत जोड्यांत घालून दक्षिण ध्रुवाच्या बर्फावर चालली.

आपल्याकडे या गोष्टीची निकड तितकीशी भासली नाही, कारण आपली वहाण उघडी. कोल्हापुरी चपलेला चार दिवस तेल पाजले की ती मुकाट्याने पायाच्या वळणावर येते. बंद जोड्याचे तसे नाही. तो पायालाच आपल्या वळणावर आणू पाहतो. युरोपात सोळाशेच्या सुमारास उंच टाचा आल्या आणि पुढे दोन शतके तिथल्या बहुतेकांच्या जोड्यांत डावा-उजवा हा भेदच उरला नाही. एकाच सरळ लाकडी फर्म्यावर दोन्ही पायांचे जोडे चढवीत आणि पायांनी आपसांत काय ते ठरवून घ्यावे! एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा भेद परत आला.

पायाची पद्धतशीर विचारपूस, पुष्कळ गोष्टींप्रमाणे, लष्करानेही केली. अमेरिकन सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांनी सुमारे दोन हजार सैनिकांचे पाय तपासून १९१२ मध्ये सैनिकाचा पाय आणि त्याचा जोडा यांवर ग्रंथ लिहिला. जोड्याचे माप घेताना सैनिकाच्या पाठीवर चाळीस पौंडांचे ओझे द्यावे, हा त्यांचा दंडक मला फार आवडतो. ओझ्याखाली पाय पसरतो. बसून घेतलेले माप खोटे ठरते. त्याआधी, १९०४ साली, शिकागोच्या विल्यम शोल यांनी तळव्याच्या कमानीला आधार देणारी पट्टी बाजारात आणली होती. हे गृहस्थ मूळचे जोडे शिवणारे. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचे कुरकुरणारे पाय पाहून वैद्यकाकडे वळलेले.

या साऱ्या शोधांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. जोडा चावला की पाय तक्रार करील. तक्रार झाली की कापूस, गवत, कातडे, पट्टी, काहीतरी उपाय निघेल. पण पायाने तक्रारच केली नाही तर?

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीला माझी मावशी आमच्याबरोबर दिवसभर पुण्याच्या लक्ष्मी रोडवर हिंडली. संध्याकाळी घरी येऊन तिने बूट काढला, तर आतून सुपारीचे एक खांड टपकन खाली पडले. तळव्याला पैशाएवढी जखम होती आणि मोजा रक्ताने भिजलेला. "मला काहीच कळलं नाही रे," ती म्हणाली. मधुमेहाने तिच्या पायाची जाणीव केव्हाच नेली होती, आणि आम्हां कोणाला त्याचा पत्ता नव्हता. जखम भरायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी पाय वाचला म्हणून सांगितले आणि एक सँडल लिहून दिली. तिच्यात काळ्या, मऊ रबराची जाड सुकतळी होती. ही आली कोठून, याचा शोध घेत मी वेल्लोरला जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून.

डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालचा, तमिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरांतला; आईबाप इंग्रज मिशनरी. शल्यविशारद होऊन १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढल्या वर्षी चिंगलपेटच्या कुष्ठधामात त्यांनी रोग्यांची बोटे झडलेली, तळव्यांना भोके पडलेली पाहिली. हा रोग मांस कुजवतो, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. आपण त्याला महारोग म्हणत आलो, त्या नावातही ती भीती आहे. ब्रँड यांच्या ध्यानात आले की रोग नेतो ती मज्जातंतूंची जाणीव. बाकीचा विध्वंस निखारा, खिळा, काटा आणि रोजचे चालणे करते, कारण दुखत नाही म्हणून माणूस थांबत नाही. आपण लंगडतो, पाय तिरका टाकतो, मुक्कामाला बसतो. ही वेदनेची कृपा. ती नसलेला मनुष्य त्याच एका जागेवर हजारो पावले तोच दाब देत राहतो.

तेव्हा जी गोष्ट पाय करीत नव्हता, ती सुकतळीने करावी असे ठरले. वेल्लोरला आणि जवळच्या करिगिरीला बऱ्याच खटपटींनंतर सूक्ष्म छिद्रांचे एक रबर पसंतीस उतरले. चिमटीत धरले तर दबते, सोडले की पुन्हा वर येते; त्यामुळे भार एका ठिपक्यावर न पडता साऱ्या तळव्यावर पसरतो. त्याखाली काटा शिरू नये म्हणून टणक तळ. सारे शिवलेले किंवा चिकटवलेले, खिळा एकही नाही. मागे टाचेला पट्टा हवाच, कारण साधी चप्पल बोटांनी धरून ठेवावी लागते आणि बधिर पायातून ती केव्हा गळून पडली हे कळतसुद्धा नाही.

पण एक अडचण राहिली. त्या वहाणा निराळ्या दिसत. रस्त्याने जाणाऱ्याच्या पायांकडे पाहून लोक त्याचा रोग ओळखीत आणि बाजूला सरत. म्हणून कित्येकांनी त्या पेटीत ठेवल्या आणि ते अनवाणी चालले. पाय वाचविणारी वस्तू पायात न घालण्याला त्यांच्याजवळ कारण होते, आणि ते कारण आपण होतो. पुढे कारागिरांनी वरचे रूप बाजारातल्या सँडलसारखे करायला घेतले, तेव्हा त्या जरा वापरात आल्या. डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. पण तीच रबराची सुकतळी आता मधुमेह्यांच्या पायांत शिरली आहे, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत.

मावशीने पहिल्यांदा ती सँडल पाहून नाक मुरडले. "ही काय लक्ष्मीपूजनाला घालायची?" मी तिला वेल्लोरची सारी हकीकत सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. आता रोज सकाळी बाहेर पडण्यापूर्वी ती खुर्चीवर बसते, सँडल मांडीवर उलटी करून झटकते, मग आत हात घालून सुकतळीवरून टोकापासून टाचेपर्यंत बोटे फिरवते, आणि मगच पाय घालते.