फ्रीवे सर्व्हिस पेट्रोल

कॅलिफोर्नियातील गर्दीच्या फ्रीवेंवर बंद पडलेल्या वाहनांना विनामूल्य मदत करणारी फिरती सेवा. राज्याचा वाहतूक विभाग (कॅलट्रान्स), कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल (महामार्ग गस्त) हे पोलीस दल आणि स्थानिक वाहतूक संस्था मिळून ती चालवतात. लॉस एंजेलिस परिसरात ती १९९१ मध्ये सुरू झाली, तर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात १९९२ मध्ये. शिकागोतील ‘मिनिटमेन’ हे अशाच कामाचे गस्तीपथक त्याहून बरेच जुने, १९६० चे.

मुख्यतः कामावर जाण्यायेण्याच्या वेळांत टोइंग ट्रक नेमून दिलेल्या टापूत फेऱ्या मारत राहतात. फोन येईपर्यंत थांबत नाहीत. ट्रक खासगी कंत्राटदारांचे असतात, पण चालकांची चौकशी आणि प्रशिक्षण हायवे पेट्रोलकडे. पंक्चर चाक काढून स्टेपनी बसवणे, उतरलेल्या बॅटरीला केबल लावून गाडी चालू करून देणे, रेडिएटरमध्ये पाणी भरणे, गळक्या पाइपला टेप गुंडाळणे, गॅलनभर (सुमारे ३.८ लिटर) पेट्रोल देणे, अशी ही किरकोळ कामे. तेवढ्याने गाडी हलली नाही तर ती ओढून फ्रीवेबाहेर, हायवे पेट्रोलने ठरवलेल्या जागी सोडतात. पुढचे ज्याचे त्याने पाहायचे. ट्रकचालक बक्षिसी घेत नाही आणि कुठल्या गॅरेजचे नावही सुचवत नाही. हा नियम शहाणपणाचा आहे, कारण अडलेल्या माणसाकडून वाटेल ती रक्कम उकळता येते.

सेवा फुकट असली तरी तिला दानधर्म म्हणता येणार नाही. खरा लाभार्थी मागे खोळंबलेला जनसमुदाय असतो. एका दिशेच्या तीन मार्गिकांपैकी एक अडली तर दोन तृतीयांश क्षमता उरायला हवी. प्रत्यक्षात जेमतेम निम्मी उरते. लोक मार्गिका बदलतात, वेग कमी करतात, माना वळवून पाहतात. गाडी बाजूला काढल्यावरही साचलेली रांग ओसरायला वेळ लागतो. त्यात थांबलेल्या रांगेवर मागून दुसरी गाडी आदळण्याचा धोका असतोच.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, हेवर्डजवळच्या आय-८८० या फ्रीवेवर बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये त्या टापूत सेवा सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची वाहतूक मोजली. वाचलेला वेळ आणि इंधन यांचे मोल सेवेच्या खर्चाहून अधिक भरले.