शेताच्या कुंपणात करंट सोडला अन् माणूस गेला, तर कलम कोणते?

बीबी (ता. लोणार) : रानडुकरं आणि रोह्यांनी उभं पीक एका रात्रीत लोळवणं या भागाला नवीन नाही. जागली करून थकलेले काही शेतकरी मग धुऱ्याला उघडी तार बांधतात आणि मोटारीच्या पेटीतून किंवा आकडा टाकून त्यात करंट सोडतात. डुक्कर मरतं, पण कधी कधी माणूसही मरतो. शेतीची लाइट रात्रपाळीत आली की हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेला शेजारी अंधारात त्याच धुऱ्यानं जातो.

अशा वेळी तार बांधणारा एकच सांगतो, "माणसाला मारायचं मनात नव्हतं." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण फौजदारी कायदा तेवढ्यावर थांबत नाही. मारायचा हेतू होता का, हेतू नसला तरी यात माणूस मरू शकतो याची जाणीव होती का, की ही नुसती हयगय होती, हे तिन्ही प्रश्न तो वेगवेगळे विचारतो. उत्तर बदललं की कलम बदलतं आणि कलम बदललं की घरच्यांचे पुढचे दिवस बदलतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे किंवा हयगयीने मृत्यू घडवल्यास कलम १०६ (१) लागतं. पूर्वीचं ३०४ अ ते हेच. तेव्हा शिक्षा जास्तीत जास्त २ वर्षे होती, आता ५ वर्षांपर्यंत आहे. गुन्हा जामीनपात्र. दुसरीकडे कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, पूर्वीचं ३०४. हेतू नसेल, फक्त जाणीव असेल तरी १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. तार तीच आणि मृत्यूही तोच, पण एका कलमात माणूस जामिनावर लवकर घरी येतो, दुसऱ्यात पेरणीच्या दिवसांत जेलमध्ये बसतो.

सर्वोच्च न्यायालयात या विषयावरचा जुना आणि अजून सांगितला जाणारा निकाल १९६३ चा आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य. तिथं शेत नव्हतं, संडास होता. शेजारचे लोक आपला संडास वापरतात म्हणून मालकानं भोवती उघडी विजेची तार लावली. कुठं इशारा नाही, काही नाही. शेजारच्या एका बाईचा हात लागला आणि ती गेली. ती परवानगीशिवाय आली होती, हा मालकाचा बचाव टिकला नाही. विनापरवाना आत आलेल्या माणसाला इजा व्हावी म्हणून सापळा लावण्याचा हक्क जागेच्या मालकालाही नाही, असं न्यायालयानं सांगितलं. ३०४ अ खालची शिक्षा कायम राहिली.

"माझ्या शेतात माझा हक्क" हे वाक्य पारावर चालतं, कोर्टात नाही. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्यात आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. जीव जाईपर्यंत तो हक्क दरोडा, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं अशा मोजक्याच प्रसंगांत जातो. साधी चोरी असेल तर जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असावी लागते. तारेला तर समोर चोर आहे की शेजारी की खेळणारं पोर, हेच कळत नाही.

वाद आहे तो १०५ आणि १०६ यांच्यामधल्या रेषेवर. मुंबईतला परेरा खटला इथं समजून घेण्यासारखा आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर भरधाव गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, ७ जण मेले. खालच्या कोर्टानं ३०४ अ धरून ६ महिने दिले. उच्च न्यायालयानं ३०४ चा दुसरा भाग लावून ३ वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. जीव जाऊ शकतो हे माहीत असूनही कृत्य केलं तर ती नुसती हयगय राहत नाही, असा त्याचा अर्थ.

हेच माप तारेला लावलं तर शेतकऱ्याची बाजू अवघड होते. करंटनं जीव जातो हे माहीत असतं, म्हणून तर तो सोडलेला असतो. बचाव पक्ष उलट सांगतो की रात्री त्या धुऱ्यावर माणूस येईल हे ठाऊक नव्हतं. मग तार वाटेपासून किती लांब होती, शेजाऱ्यांना सांगितलं होतं का, करंट थेट लाइनचा होता का, अशा बारीक गोष्टींवर खटला फिरतो. पंचनाम्यात हे नीट आलं नाही तर नुकसान दोन्ही बाजूंचं.

घाबरून मृतदेह दुसऱ्या धुऱ्यावर नेऊन टाकणं किंवा तार गुंडाळून लपवणं हा पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा आहे, कलम २३८. आकडा टाकला असेल तर वीज कायदा २००३ चं कलम १३५ वेगळं. रानडुक्कर मेलं तरी वन्यजीव कायदा आहेच.

दुकानात मिळणारी झटका मशीन ही वेगळी गोष्ट. ती बॅटरीवर थांबून थांबून क्षणभराचा झटका देते, जनावर मागं सरतं. मात्र त्याच तारेला घरची लाइट जोडली की ती झटका मशीन राहत नाही. पीक गेलं असेल तर वन विभागाकडे लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा, भरपाई मिळते. ती कमी पडते, ही तक्रार रास्त आहे.

१ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या घटनांना जुनीच कलमं आणि जुनीच शिक्षा लागते, खटला आज चालू असला तरी.