सुरतेची मानवधर्म सभा

सुरत आणि मराठी माणूस यांचा संबंध निघाला की इतिहासाची पुस्तके 1664 आणि 1670 या दोन सालांपाशी थांबतात. शिवछत्रपतींच्या त्या स्वाऱ्यांइतकेच महत्त्वाचे, पण विस्मृतीत गेलेले तिसरे साल म्हणजे 1844. त्या वर्षी 22 जून रोजी या शहरात मानवधर्म सभा स्थापन झाली.

दुर्गाराम मंछाराम, दादोबा पांडुरंग तर्खडकर, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे तिचे प्रमुख. पाचांचीही आद्याक्षरे एकच, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दा’ म्हणत. दादोबा म्हणजे 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे आपले वैयाकरण. त्या वेळी ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते; दुर्गाराम गुजराती शाळेतील मेहताजी. म्हणजे ही सभा दोन भाषांतील शिक्षकांच्या मैत्रीतून जन्मली.

ईश्वर एक, माणसाची जात एक, हा तिचा गाभा. दादोबांनी तो विचार 1843 मध्येच ‘धर्मविवेचन’ या लेखनात मांडला होता. ते छापले गेले मात्र 1868 मध्ये, आणि तेही ‘एक जगद्वासी आर्य’ या टोपणनावाने. नाव झाकावे लागत होते, यावरूनच काळाची कल्पना यावी.

अशा काळात सुरतेची सभा उघड भरे. मंत्रतंत्राचा दावा करणाऱ्यांना तिने प्रमाण दाखविण्याचे जाहीर आव्हान दिले. पुढे मुंबईत दादोबांच्याच प्रेरणेने उभी राहिलेली परमहंस सभा गुप्त राहिली. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. दादोबा मुंबईस परतले, 1852 मध्ये दुर्गाराम राजकोटास गेले आणि सभा मावळली.

सुरतेत किल्ला आहे. 1850 मध्ये स्थापन झालेले अँड्र्यूज ग्रंथालयही आहे. या सभेची आठवण मात्र वास्तूने नव्हे, दुर्गारामांच्या टिपणांनी राखली. महीपतराम रूपराम यांनी 1879 मध्ये लिहिलेल्या दुर्गारामचरित्राला त्यांचाच आधार आहे.

खानदेशातून मागाच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांनी लिंबायत वसविले. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती बोलणाऱ्या इथल्या मुलांना या शहरात कोणी परके म्हटले, तर त्यांनी 1844 सालाकडे बोट दाखवावे. मात्र त्या वारशाचा हक्क सांगायचा, तर जातीचा प्रश्न चारचौघांत विचारण्याचे धैर्यही अंगी बाणवावे लागेल.