रानातल्या मुक्कामाचं पाणी : नितळ दिसलं म्हणजे निर्धोक झालं काय?



सुगीच्या दिवसांत राखणीला रानात मुक्काम पडतो. ऊसतोडीच्या टोळ्या फडाजवळ कोपी घालून महिनोन् महिने राहतात. धनगर बांधव मेंढरं घेऊन परमुलखात जातात. आषाढीला वारकऱ्यांचे तळ माळावर पडतात. अशा वेळी घरचा माठ मागं राहतो आणि ओढा, झरा, विहीर, कालवा, जे सापडेल त्यावर तहान भागवावी लागते. "वाहतं पाणी आहे, तळ दिसतोय, प्या खुशाल," असं आपण एकमेकांना सांगतो.

हा समज फार जुना आहे, आणि तो खोटा ठरायला हजारो जीव जावे लागले. पाण्याच्या बाबतीत तीन कामं वेगवेगळी आहेत. पाणी निवळणं हे एक, त्यातले रोगजंतू मारणं हे दुसरं आणि पाणी चवीला आणणं हे तिसरं. माणसाला ही तीन कामं एकाच वेळी उमगली नाहीत. ती कशी उमगली, ते थोडक्यात पाहू.

जुन्यांचं शहाणपण

आपल्याकडं पाणी निवळण्याची विद्या फार जुनी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करण्याची सात साधनं सांगितली आहेत. निवळीचं बी, कमळाचा कंद, शेवाळाचं मूळ आणि वस्त्र ही त्यांपैकीच. निवळीचं बी माठाच्या आतल्या बाजूला घासायचं आणि पाणी भरून ठेवायचं. बियांतल्या द्रव्यामुळं पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटीनं घडतं तेही असंच. त्याच ग्रंथात पाणी विस्तवावर उकळावं, उन्हात तापवावं किंवा त्यात तापलेलं लोखंड बुडवावं, असेही उपाय आहेत.

म्हणजे उपाय बरोबर होते. पण रोगाचं कारण डोळ्यांना न दिसणारा जंतू आहे, हे कोणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं की माणसं समाधान मानीत.

१८१७ची छावणी

१८१७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांवर फौज घेऊन निघाला. नोव्हेंबरात बुंदेलखंडात छावणी असताना पटकी, म्हणजे कॉलरा, सुटला. थोड्याच दिवसांत सैनिक आणि छावणीमागचे भिस्ती, भोई, मोतद्दार असे हजारो लोक मेले. शेवटी तळ हलवला, बेटवा नदीकाठी एरिचजवळ उंच जागी फौज नेली आणि साथ ओसरली. तेव्हा लोकांनी निष्कर्ष काढला की हवा बदलल्यानं गुण आला.  पुढं १८१८ साली हीच साथ नागपूर, पुणे करीत मुंबईला पोचली.

हजारो माणसं आणि जनावरं एका जागी उतरली, सगळ्यांची घाण त्याच पाण्यात उतरली आणि तेच पाणी प्यायला आलं, की असं होतं. आजच्या कोणत्याही तळाला, चारा छावणीला किंवा फडाला ही गोष्ट तशीच लागू आहे.

गोड पाण्याचा दगा

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची मोठी साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली, तेव्हा बहुतेक घरं एका हातपंपाभोवती निघाली. त्यांतली एक बाई मात्र कित्येक मैल लांब राहत होती. तिच्या भागात पटकी नव्हतीच. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्या पंपाचं पाणी तिला चवीला आवडायचं, म्हणून तिची मुलं ते रोज गाडीतून पाठवीत. तेच पाणी पिऊन ती गेली.

पुढं १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू सापडला. लोक त्याच तळ्यात अंघोळ करीत, धुणं धूत आणि त्याचंच पाणी पीत. हा जंतू एक ते तीन हजारांश मिलिमीटर लांबीचा. तो नितळ पाण्यात दिसत नाही, चवीला लागत नाही, त्याला वासही नसतो. त्यामुळं पाणी बघून किंवा चाखून त्याची पारख होत नाही.

औषध आणि चव

जंतू कळला, तेव्हा तो मारायचा कसा हा प्रश्न आला. फिरत्या फौजेला रोज सरपण जमवून पाणी उकळणं जमत नसे. १९०३ साली हिंदुस्थानातल्या इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी व्हिन्सेंट नेसफील्ड यांनी क्लोरीन आणि आयोडीन वापरून पाणी निर्जंतुक करण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांनी चवीचाही विचार केला होता. जंतू मेल्यावर उरलेल्या औषधाचा वास घालवायला दुसरा एक क्षार टाकायचा, अशी ती रीत. हे बारकाईचं काम होतं, कारण वास येणारं पाणी माणूस गुपचूप ओततो आणि ओढ्याला तोंड लावतो. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) क्लोरीनचा वापर फौजांत रूढ झाला. स्वातंत्र्यानंतर आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेनंही पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या तयार केल्या.

फडक्याची करामत, आणि तिची हद्द

मग फडकं निरुपयोगी काय? मुळीच नाही. नारूचा रोग आठवा. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरे, त्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात पडत, त्या अळ्या पाण्यातला बारीक किडा गिळी आणि तो किडा आपण पीत असू. हा किडा फडक्यात अडकतो. पाणी गाळून पिणं, विहिरींना कठडे बांधणं आणि हातपंप बसवणं यांमुळं हा रोग मागं हटला. १९९६ साली भारतात नारूचा शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

२००३ साली बांगलादेशातल्या गावांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या सुती साडीच्या चार घड्या करून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकी जवळजवळ निम्म्यानं घटली. पटकीचे पुष्कळ जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात, ते त्यांच्याबरोबर अडकतात. जुनं कापड यासाठी चांगलं, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे फुलतात. पण निम्म्यानं घटली याचा अर्थ निम्मी उरली, हेही ध्यानात घ्यावं. गाळण्यानं काम सुरू होतं, संपत नाही.

मुक्कामावर काय करावं

१. जागा पाहा. पाणी तळाच्या वरच्या अंगाला धरा. जनावरं, धुणं आणि परसाकडं खालच्या अंगाला, पाण्यापासून लांब ठेवा.

२. आधी निवळा. पाणी थोडा वेळ ठेवून गाळ बसू द्या. गढूळ असेल तर तुरटी दोन-तीन वेळा फिरवा. मग वरचं पाणी चारपदरी सुती फडक्यातून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं आणि जंतू शिल्लक राहतात.

३. मग जंतू मारा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळू दिलं तरी पुरतं. पूर्वी वीस मिनिटं सांगत, तेवढं सरपण जाळण्याची गरज नाही. सरपण नसेल तर क्लोरीनचं औषध वापरा. मात्रा पाकिटावर लिहिलेली असते, ती पाळा आणि निदान अर्धा तास थांबा. विहिरीच्या किंवा टाकीच्या १००० लिटर पाण्याला चांगली ताजी ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते, आणि टाकल्यावर एक तास पाणी काढू नये. उघडी राहिलेली पावडर निकामी होते. गावातल्या जलसुरक्षकाला किंवा आशाताईंना विचारावं.

४. शेवटी चव. उकळलेलं पाणी बेचव लागतं, कारण त्यातली हवा निघून जाते. निवल्यावर स्वच्छ भांड्यातून भांड्यात चार वेळा उंचावरून ओता, हवा मिसळते. मग धुतलेल्या माठात भरून झाका. क्लोरीनचा वास काही तासांत कमी होतो. लिंबू पिळायचं तर अर्ध्या तासानंतरच पिळा. आधी पिळलं तर लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीन मारतं आणि जंतू जगतात.

५. माठात हात बुडवू नका, दांड्याचं ओगराळं ठेवा. औषध फवारणीचा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरू नका. कीटकनाशक, खतातला नायट्रेट किंवा जमिनीतला फ्लोराइड उकळून जात नाही, क्लोरीननंही जात नाही. असं पाणी सोडून दुसरं शोधावं.

एवढं करूनही जुलाब सुरू झाले, तर जलसंजीवनी पाजत राहा आणि दवाखाना गाठा. लेकराच्या बाबतीत तर उद्यावर टाकू नका.

ही पत्रिका वाचून झाली की टोळीच्या मुकादमाला, दिंडीच्या प्रमुखाला किंवा मेंढपाळ पाहुण्यांना द्यावी. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवावी. एका तळावर पाणी सगळ्यांचं एकच असतं, तेव्हा एकट्यानं काळजी घेऊन भागत नाही.