कॅम्पातील पलंग

बेळगावच्या किल्ल्यात रामकृष्ण आश्रमाच्या आवारात एक जुने घर जतन करून ठेवलेले आहे. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावास आले. प्रथम तीन दिवस भाटे वकिलांच्या घरी आणि त्यानंतर सुमारे नऊ दिवस हरिपद मित्र यांच्या घरी त्यांचा मुक्काम झाला, आणि तेथून ते गोव्याकडे गेले. त्यांच्या वापरातील म्हणून जपलेल्या वस्तूंत एक पलंग आहे. दर्शनास येणारा मनुष्य हात जोडतो व पुढे सरकतो, ते योग्यच आहे. तथापि दोन गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. सव्वाशेहून अधिक पावसाळे उलटले तरी ही वस्तू टिकून आहे, ही एक. आणि हरिपद मित्र हे वनखात्यातील अधिकारी होते, ही दुसरी. या प्रांतात सागवान कोणी तोडावे, कोणी विकत घ्यावे आणि कोणी त्याच्याकडे नुसते पाहत राहावे, हे ठरविणारे ते खाते. चांगला पलंग कोणता, या प्रश्नाचे उत्तर बेळगावात बराच काळ सुताराच्या हाताइतकेच त्या खात्याच्या दप्तरातही होते.

सामान्य कुटुंबाला पलंगाची गरज फारशी नसे. जमिनीवर घोंगडी नाहीतर सतरंजी, वृद्धांना व बाळंतिणीला बाजले, एवढ्यात संसार होई. बाजल्याची रचना मोठी शहाणपणाची आहे. चार खूर, चार गाते आणि काथ्याची किंवा सुंभाची वीण. लाकूड बाभळीचे असो की आणखी कशाचे, दोरीचा ताण चारही सांधे आत ओढून धरतो. दोरी सैल झाली की पायथ्याची दावण ओढावयाची, बाजले पुन्हा ताठ. त्यात एकही खिळा नसे. पलंग ही त्याहून निराळी वस्तू. ती वाड्यात असे. कोरीव खूर, वर छत, मच्छरदाणीसाठी दांडे, आणि वजन इतके की तो एकदा माडीवर चढला की पिढ्यान् पिढ्या तेथेच. ग्रीक महाकाव्यातील ओडिसियस राजाने तर मुळे धरून उभ्या असलेल्या ऑलिव्ह वृक्षाच्या बुंध्यालाच पलंगाचा खूर केला होता. तो पलंग हलविता येत नाही हे गुपित त्याला, राणीला व एका दासीलाच ठाऊक असल्यामुळे वीस वर्षांनी परतलेल्या पतीची ओळख पटली, अशी कथा आहे. न हलणारा पलंग कुरकुरत नाही, हे त्या कवीला माहीत असावे.

१८१८ च्या एप्रिलमध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि १८३२ मध्ये येथे लष्करी छावणी वसविण्यात आली. गावाच्या एका अंगाला किल्ला व दुसऱ्या अंगाला हा नवा ‘कॅम्प’. बंगले, रुंद रस्ते, देवळाऐवजी चर्च, आणि दर काही वर्षांनी बदलणारी माणसे. या माणसांबरोबर पलंगाची एक निराळीच कल्पना येथे आली. पलटणीचा अधिकारी आज बेळगावात, उद्या पुण्यास, परवा सरहद्दीवर. त्याचे सामान बैलगाडीवर किंवा उंटावर चढावयाचे. म्हणून त्याचा पलंग सुटा होणारा, मळसूत्राने जोडावयाचा, कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या मारलेला असे. कल्पना इंग्रजांची खास होती असे मात्र नव्हे. मिसर देशाचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यात १९२२ नंतर जे सामान सापडले त्यात तीन घड्यांचा, बिजागऱ्यांचा एक लाकडी पलंग होता. त्याचे वय तेहतीसशे वर्षांच्या आसपास. राजा असो वा लेफ्टनंट, ज्याला प्रवास घडतो त्याला घडीचा पलंग सुचतो.

परंतु सुट्या पलंगाचा एक शाप असतो. जो सांधा वारंवार उघडतो तो सैल होतो, आणि सैल सांधा बोलू लागतो. कुशीवर वळावे तर करकर, उठून बसावे तर कुरकुर. पलटणीची बदली झाली की अधिकाऱ्यांचे सामान लिलावात निघे. ही हिंदुस्थानातील सर्वच छावण्यांची रीत होती. अशा लिलावातून साहेबाचा पलंग स्वस्तात घरी आणावा आणि पहिल्याच रात्री त्याची वाचा ऐकावी, यातून ग्राहकाला जे शिक्षण मिळे ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. एकत्र कुटुंबात, जेथे पातळ भिंतीपलीकडे सासूसासरे व अलीकडे लहान मुले, तेथे पलंगाचा आवाज ही थट्टेची बाब नव्हती. नवविवाहितांच्या पलंगाबद्दल वडीलधारी मंडळी सुताराला जे बजावीत ते संकोचाने, आडून, पण बजावीत खास. आजारी माणसाच्या बाबतीत तर संकोचाचेही कारण नव्हते; तापाने फणफणलेल्याला खाटेची किरकिर नकोशी होते.

दुसरा शाप ढेकणांचा. सैल सांध्यातील फट म्हणजे त्यांचे बिऱ्हाडच. उन्हात खाटा टाकणे, सांध्यांत उकळते पाणी ओतणे, रॉकेलचे बोळे फिरविणे हे उपाय घरोघर चालत. एकोणिसाव्या शतकात रुग्णालयांतून व बराकींतून लोखंडी खाटा आल्या त्याचे एक मोठे कारण हेच. लोखंडी खाट ढेकणांना थारा कमी देते, परंतु मौनाच्या बाबतीत ती लाकडाच्या वरताण बोलकी, हे कोणत्याही जुन्या वसतिगृहात राहिलेला मनुष्य सांगेल.

मग लाकडी पलंग मुका राहतो तो कशामुळे? जाडीमुळे, हा सार्वत्रिक समज. वस्तुतः आवाज लाकडातून येत नाही, लाकडावर लाकूड घासल्याने येतो. आणि ते घासते, कारण लाकूड वर्षभर एका मापाचे राहत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर, घाटमाथ्याच्या पाठीला टेकून वसलेले. येथील आषाढ-श्रावणात आगकाडी पेटत नाही आणि चैत्रात ओठ फुटतात. या ओल्या-सुक्या हवेबरोबर लाकूड फुगते व आकसते. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र स्पष्ट बदलते. पावसाळ्यात ओल्या लाकडाचे कुसू खाचेत घट्ट ठोकून दिले, की वैशाखात तेच कुसू हलू लागते. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा फुगते खरे, पण खाचेच्या कडा त्याला दाबतात, तंतू चेपतात आणि पुढच्या उन्हाळ्यात फट आणखी मोठी होते. म्हणून पलंगाचे लाकूड आधी नीट वाळलेले हवे आणि सांध्याचे काम कोरड्या दिवसांत व्हावे. घाईच्या लग्नात मृगानंतर करवून घेतलेला पलंग पुढे कुरकुरला, तर दोष नवरा-नवरीच्या पत्रिकेत शोधू नये.

सागवानाची थोरवी येथे आहे. ते फार कठीण नाही. शिसव, ऐन, किंजळ त्याहून जड. पण सागवान आकसते-फुगते फार कमी, आणि त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी व कीड त्याला सहसा शिवत नाही. शिसव देखणा व भक्कम, मात्र वजनाने दोन माणसांना घाम फोडणारा. फणसाचे लाकूड पिवळे, गुळगुळीत, कोकणात व गोव्यात आवडते. आंबा स्वस्त, पण त्याला भुंगा लागतो. सागवानातही भेद आहेच: सालीलगतचे पांढरे लाकूड आणि आतला सोनेरी गाभा यांत अंतर आहे. पांढऱ्या लाकडाला रंग देऊन गाभ्याशेजारी बसविण्याची युक्ती जुनीच आहे.

आता हे सागवान बेळगावला दूरचे नव्हते. खानापूरपासून जंगल सुरू होते, आणि पलीकडे सुपे, हल्याळ, दांडेली हा काळी नदीच्या खोऱ्यातील मुलूख उत्तम सागाबद्दल प्रसिद्ध. परंतु जवळ असणे आणि हाती लागणे यांत नेहमीच अंतर राहिले. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट हुकूम आहे. स्वराज्यातील अरण्यांतून सागवानादी वृक्ष हुजूर परवानगीने तोडावेत, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. रयतेच्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावे, असा त्याचा आशय. म्हणजे सागावर राज्याचा डोळा तेव्हाही होता. फरक एवढाच की रयतेच्या झाडाबाबत रयतेला विचारावयाचे असे.

इंग्रजांचाही पहिला डोळा जहाजांवरच होता. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागाची जहाजे बांधली. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगत आहे. पश्चिम किनाऱ्यावरील साग त्या भुकेपुढे झपाट्याने घटला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याच्या जंगलांवर डॉ. गिब्सन यांची नेमणूक झाली, १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासेकडून मुंबई इलाख्यात आला, आणि १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी जंगल सरकारचे झाले. खानापूरच्या डोंगरांत कुमरी शेती करणाऱ्यांच्या कोयत्यावर बंधने आली. कित्येक ठिकाणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरचा सागसुद्धा राखीव मानला जाई: सावली त्याची, लाकूड सरकारचे. जंगल वाचविण्याची गरज खोटी नव्हती. पण वाचलेला साग कुठे गेला? १८८० नंतरच्या दशकात लोहमार्ग बेळगावापर्यंत येऊन लोंढ्याकडे उतरला, पुढे अळणावरहून दांडेलीला फाटा गेला तो मुख्यतः लाकडासाठी; आणि सागाचे ओंडके गाडीत बसून दूर जाऊ लागले. ज्यांच्या डोळ्यांदेखत ते वाढले ते बहुतेक बाजल्यावरच निजत राहिले. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला ब्रह्मदेशचा साग मिळू लागला होता, तोही १९४२ मध्ये जपानी सैन्य तेथे शिरल्यावर बंद पडला.

या टंचाईने सुताराला एक गोष्ट मात्र शिकविली: थोड्या लाकडात भक्कम काम. गाते आडवे न ठेवता उभे ठेवले, तर तेच लाकूड कितीतरी अधिक भार पेलते. खोली दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो; रुंदी दुप्पट केली तर केवळ दुप्पट. म्हणून एक इंच जाड व सहा इंच खोल गाते तीन इंची चौकोनी दांड्याहून सरस ठरते, आणि लाकूडही एकतृतीयांश कमी लागते. सांध्यात सरस न भरता पाचर किंवा बोल्ट ठेवावा, म्हणजे सैल झाल्यावर पुन्हा आवळता येतो. साहेबाच्या पलंगातली ही एक गोष्ट खरोखर घेण्याजोगी होती. आवळावयाचे तेही उन्हाळ्यात, बेताने. पावसाळ्यासाठी फुगावयास जागा ठेवून. पट्ट्या जेथे गात्यावर टेकतात तेथे मेण किंवा कापडाची पट्टी घातली, की उरलेली कुरबुरही थांबते. जाणता गिऱ्हाईक नक्षीकडे शेवटी पाही. तो पलंगाचा एक कोपरा धरून तिरका हिसका देई. चौकट चौकोनी राहिली तर पुढचे बोलणे. क्षणभर जरी ती तिरपी झाली, तरी किंमत विचारण्याचे कारण उरत नसे.

१९४७ नंतर कॅम्पातले गोरे अधिकारी गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, ते राहिले. जुने बंगलेही काही राहिले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीवर व विनापरवाना करवती गिरण्यांवर कडक निर्बंध घातले, आणि देशी साग आणखी महागला. आज बाजारात बहुधा मिळतो तो दाबलेल्या भुशाच्या फळीचा, खाली सामान ठेवावयाच्या पेटीचा पलंग. तो आरंभी मुका असतो. पण त्याचे मळसूत्र एकदा भुशातून सुटले की पुन्हा पकडीत नाही, आणि ओल लागली की फळी फुगून उलते.

त्यामुळे जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यातले तुळया-खांब व मोडके पलंग यांच्याभोवती गर्दी होते. पन्नास-शंभर वर्षे वाळलेला साग नव्या कोणत्याही वखारीत मिळत नाही. अडचण मापाची असते. जुने पलंग आजच्या गादीला अरुंद पडतात. सुतार डोकीकडचे व पायथ्याचे गाते बदलून रुंदी वाढवितो, मधे एक जादा खूर देतो, आणि खिळ्यांची जुनी भोके सागाच्याच खुंट्यांनी बुजवितो. करवत लागली की दुकानभर तो तेलकट, चामड्यासारखा वास सुटतो. आणि जुन्या लाकडाला पांढरे नवे लाकूड जोडले आहे की काय, हे रंग लावण्यापूर्वी तेथेच उभे राहून पाहून घ्यावे लागते.