बनावट एपीके फाइल

बनावट एपीके फाइल हे अँड्रॉइड भ्रमणध्वनीत मालवेअर, म्हणजेच घातक आज्ञावली, शिरवण्याचे एक माध्यम आहे. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाचे चलान किंवा बँकेची सूचना अशा नावाने ती व्हॉट्सॲपवर येते.

ओळख
खरी पत्रिका चित्र, चित्रफीत वा पीडीएफ स्वरूपात असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असल्यास ते ॲप समजावे. असे ॲप लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर भामट्यांकडे पाठवते.

उपाय
एअरप्लेन मोड चालू करून संपर्क तोडावा व अनोळखी ॲप काढावे. ते निघत नसल्यास सेफ मोडमध्ये काढावे. दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवून खाते गोठवावे. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. छत्रपती संभाजीनगर शहरात स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झालेले केंद्र शासनाचे सायबर स्वच्छता केंद्र मालवेअर काढण्याची साधने विनामूल्य देते.